पत्रकर्त्याचे ऋण

दुसऱ्याच्या दोषावर बोट ठेवणे हे मोठे सोपे काम आहे, असे जनात म्हणतात. आमचा अनुभव तसा नाही. दोष सत्ताधाऱ्याचा असेल तर ते काम कठीणच असते, आणि ते करून झाल्यावर त्याचे मोल कोणी भरावयाचे, हा प्रश्न त्याहूनही कठीण असतो. या प्रश्नाने आम्हांस पुष्कळ वर्षे छळले आहे. गेल्या उन्हाळ्यात तो आम्हांस घरापासून हजारो कोस दूर, कॅनडातील टोरोंटो शहराच्या एका दफनभूमीत पुन्हा भेटला. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमची कन्या व जावई त्या शहरी असतात. नातीच्या बारशानिमित्त आम्ही उभयता तेथे चार महिने राहिलो. घरातील मंडळी पाळण्याभोवती गुंतलेली. आम्हांस मात्र करण्यासारखे काही नव्हते. जन्मभर फळ्यापुढे उभा राहिलेला मनुष्य रिकामा बसला की घरच्यांना जड होतो. जावयांनी हे ओळखून एके दिवशी आम्हांस बाँड स्ट्रीट नावाच्या रस्त्यावरील एक जुने घर दाखविण्यास नेले. विटांचे, अरुंद, दोन मजल्यांवर चढत गेलेले ते घर आता सार्वजनिक संग्रहालय झाले आहे. आत जुन्या पद्धतीचा छापखाना मांडून ठेविला आहे. हातयंत्र, शाईचे रूळ, आणि लाकडी खणांतून निवडून ठेवलेले शिशाचे खिळे. आम्ही तरुणपणी एका साप्ताहिकाच्या छापखान्यात जात असू. तोच शाईचा वास नाकात भरल्यासारखे वाटले. हे घर कोणाचे, असे विचारता उत्तर मिळाले, या शहराच्या पहिल्या महापौराचे. महापौराच्या घरात छापखाना कशासाठी, या कुतूहलाने आम्ही त्या गृहस्थाचे चरित्र मिळवून वाचू लागलो. आमचे इंग्रजी मॅट्रिकपुरते; परंतु कोश जवळ असला आणि वेळ हाती असला म्हणजे तेवढे पुरते.

विल्यम लायन मॅकेन्झी याचा जन्म १२ मार्च १७९५ रोजी स्कॉटलंडातील डंडी गावी झाला. बाप विणकर, तो मुलगा काही आठवड्यांचा असतानाच वारला. आई धर्मनिष्ठ, करारी आणि दरिद्री. तिने या एकुलत्या एका मुलास वाढविले. मुलाला वाचनाचे वेड विलक्षण. वयाच्या अकराव्या वर्षापासून पुढील काही वर्षांत वाचलेल्या पुस्तकांची त्याने स्वहस्ते यादी ठेविली होती, आणि तीत साडेनऊशेहून अधिक नावे आहेत. आम्ही छत्तीस वर्षे मुले शिकविली. एवढे वाचणारा एकही विद्यार्थी आमच्या हाती लागला नाही, हे कबूल केले पाहिजे. वाचनाने त्याला ज्ञान मिळाले. संयम मात्र मिळाला नाही. अंगकाठी लहान, बोलणे झपाट्याचे, आणि एका दुखण्यात केस गेल्यामुळे डोक्यावर तांबड्या केसांचा टोप. संतापला वा आनंदला की तो टोप काढून भिरकावीत असे, अशी त्याची ख्याती होती.

१८२० साली, पंचविसाव्या वर्षी, तो कॅनडात गेला. आज ज्याला ओंटारिओ म्हणतात त्या प्रांतास तेव्हा अप्पर कॅनडा म्हणत. प्रारंभी त्याने भागीत दुकान चालविले. पुस्तके आणि औषधे एकाच फळीवर विकली. १८२२ साली विवाह झाला. पत्नी इसाबेल ही त्याच्याच डंडी गावची. या दांपत्यास पुढे तेरा अपत्ये झाली. दुकान बरे चालले असताना त्याने ते सोडले आणि १८ मे १८२४ रोजी नायगारा नदीकाठच्या क्वीन्स्टन गावी ‘कलोनियल ॲडव्होकेट’ नावाचे वर्तमानपत्र काढले. ज्याच्या घरात लेकुरवाळी स्त्री व वृद्ध आई आहे त्याने चालते दुकान सोडून वर्तमानपत्र काढावे, हा व्यवहार कोणत्या गणितात बसतो ते आम्हांस सांगता येणार नाही. तो त्याच्याही गणितात बसला नाही. कर्ज मात्र त्या दिवसापासून त्याच्या मागे लागले आणि मरेपर्यंत सुटले नाही.

त्या प्रांताचा कारभार त्या काळी मूठभर घराण्यांच्या हाती होता. गव्हर्नर विलायतेहून येई. परंतु त्याच्या भोवतीचे सल्लागार, न्यायाधीश, जमिनीचे वाटप करणारे आणि पेढीचे चालक हे सारे एकमेकांचे मामे, मेहुणे आणि व्याही. लोक या मंडळीला ‘फॅमिली कॉम्पॅक्ट’, म्हणजे ‘घराण्यांचा गट’, म्हणत. लोकांनी निवडलेली विधानसभा होती, पण तिचे ऐकलेच पाहिजे असे कोणावर बंधन नव्हते. सरकारी जमिनीचा सातवा हिस्सा धर्मपीठाकरिता राखून ठेवलेला. तो पडीक राही आणि शेजारच्या शेतकऱ्याला रस्ता मिळत नसे. मॅकेन्झीने हे सर्व नावानिशी छापण्यास आरंभ केला. सरकारचा रोष कोणत्या थरास गेला होता हे एका गोष्टीवरून दिसेल. १८२४ साली क्वीन्स्टन येथे सेनापती ब्रॉक याचे स्मारक उभारताना त्याच्या पायात मॅकेन्झीच्या पत्राचा अंक ठेवला गेला. गव्हर्नरास ते कळताच त्याने पाया उकरून तो अंक बाहेर काढविला.

त्याच वर्षी मॅकेन्झीने आपला छापखाना राजधानीत, यॉर्क गावी, आणला. १८२६ पर्यंत तो कर्जात इतका बुडाला की सावकार चुकविण्यासाठी त्याला सरहद्दीपलीकडे अमेरिकेत जावे लागले. जाण्यापूर्वी त्याने ‘पॅट्रिक स्विफ्ट’ या टोपणनावाने काही लेख छापले होते. त्यांत मोठ्या घराण्यांच्या कारभारावर टीका होतीच. पण त्यांच्या पूर्वजांचे धंदे आणि स्त्रियांचे वर्तन यांवरही हीन थट्टा होती. सत्य सांगणाऱ्याने हे का करावे? आम्हांस वाटते, टोपणनाव हे त्याचे कारण. मुखवटा चढविला की मनुष्य आपल्या तोंडाने न बोललेले बोलू लागतो. त्या ८ जूनला, दिवसाउजेडी, बड्या घरांतील पंधराएक तरुण त्याच्या छापखान्यात शिरले. त्यांनी यंत्र मोडले, जुळविलेली पाने उधळली आणि खिळे उचलून नेऊन सरोवराच्या पाण्यात फेकले. घरात त्याची आई, पत्नी आणि मुले होती. अधिकारपदावरील मंडळी पाहत उभी राहिली. कोणी हात धरला नाही.

मॅकेन्झीने दावा लावला आणि पंचांनी त्याला ६२५ पौंड भरपाई देवविली. त्या रकमेने त्याचे तातडीचे कर्ज फिटले आणि नवा छापखाना उभा राहिला. जे पत्र चार आठवड्यांत कर्जानेच बंद पडले असते, ते शत्रूंच्या अविचाराने वाचले. सत्तेच्या मदाने मनुष्य आंधळा झाला म्हणजे तो आपल्या वैऱ्याचे घर स्वतःच्या पैशाने बांधून देतो.

१८२८ साली लोकांनी त्याला विधानसभेवर निवडून दिले. तेथेही लेखणी थांबली नाही. सभेची बदनामी केली, या आरोपावरून १८३१ च्या डिसेंबरात त्याला सभेतून काढण्यात आले. पुढच्याच महिन्यात पुन्हा निवडणूक झाली आणि मते पडली ११९ विरुद्ध १. लोकांनी बर्फावरून घसरगाड्यांची मिरवणूक काढली व त्याच्या गळ्यात सोन्याचे पदक घातले. सभेने त्याला पुन्हा काढले. लोकांनी पुन्हा निवडले. तीन वर्षांत तो पाच वेळा काढला गेला. हॅमिल्टन गावी मारेकऱ्यांनी त्याला रक्तबंबाळ केले. लोकांची गाऱ्हाणी घेऊन तो विलायतेस गेला आणि तेथे वर्षभर मंत्र्यांच्या दारांशी बसला.

आता यॉर्क गावाचा इतिहास वळण घेतो. ६ मार्च १८३४ रोजी त्याला शहराचा दर्जा मिळून त्याचे नाव टोरोंटो झाले. वस्ती सुमारे नऊ हजार. नगरसभेची पहिली निवडणूक झाली. मॅकेन्झी एका प्रभागातून निवडून आला, आणि सभासदांनी ३ एप्रिल रोजी त्याला महापौर केले. दहा वर्षे जो खुर्चीवर बसलेल्यांना प्रश्न विचारीत होता, त्याला आता खुर्चीवर बसून उत्तरे द्यावयाची होती.

हे वर्ष आम्ही फार लक्षपूर्वक वाचले. रस्त्यांत गुडघाभर चिखल. लाकडी पदपथ हवे होते. त्यांसाठी पैसा हवा होता. आणि पैसा म्हणजे कर. ज्या शेतकऱ्यांनी व कारागिरांनी त्याला डोक्यावर घेतले, त्यांच्याच दारी आता त्याचा कर मागणारा शिपाई गेला. लोक कुरकुरू लागले. त्यातच जुलैच्या अखेरीस बाजाराच्या इमारतीत सभा चालू असता प्रेक्षकांचा सज्जा कोसळला आणि खाली खाटकांच्या आकड्यांवर पडून कित्येक माणसे मेली. त्याच उन्हाळ्यात पटकीची साथ आली. येथे मात्र त्याचे तेज दिसते. पुष्कळ लोक शहर सोडून गेले, महापौर राहिला. त्याने स्वतः रोग्यांना गाडीत घालून इस्पितळात पोहोचविले आणि अखेर त्यालाही ती बाधा झाली, असे त्याचे चरित्रकार लिहितात. शहराच्या बोधचिन्हावर उद्योग, बुद्धी आणि सचोटी असे तीन शब्द त्याच्याच कारकिर्दीत आले आणि दीडशेहून अधिक वर्षे तेथे राहिले.

परंतु त्याच वर्षीचा दुसरा प्रसंग ऐका. महापौर हाच न्यायाधीश असे. मद्य पिऊन दंगा केल्याबद्दल एक दरिद्री स्त्री त्याच्यापुढे उभी केली गेली. तिने त्याला शिव्या घातल्या आणि पायातील पायताण त्याच्यावर फेकले. दुर्बलांचा कैवारी म्हणून गाजलेल्या या पुरुषाने तिला भर रस्त्यात खोड्यात घालण्याची शिक्षा दिली. विरोधकांच्या पत्रांना आयते कोलीत मिळाले. पाच वर्षांपूर्वी दुसऱ्या कोणा न्यायाधीशाने असे केले असते, तर मॅकेन्झीनेच त्याची सालटी काढली असती. आम्ही त्याला दोष देतो, तो हात राखून. वर्गात उद्धट मुलापुढे आमचेही तोल गेले आहेत.

याच काळात त्याने एक पत्र छापले आणि मोठे वादळ उठले. पत्र लिहिणारा विलायतेच्या पार्लमेंटचा सभासद जोसेफ ह्यूम. मायदेशाचे घातक वर्चस्व कॅनडाच्या मानेवरून एक दिवस उतरेल, अशा अर्थाचा मजकूर त्यात होता. महापौराने हे राजद्रोहाचे पत्र छापावे, म्हणून त्याचे कित्येक मित्रही त्याच्यापासून दूर झाले. हे नाव वाचताच आम्ही पुस्तक मिटून क्षणभर बसलो. हा जोसेफ ह्यूम तरुणपणी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत वैद्य होता आणि १८०३ च्या इंग्रज-मराठे युद्धात बुंदेलखंडातील इंग्रज फौजेबरोबर होता. त्याचाच पुत्र ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत राष्ट्रसभेचे पहिले अधिवेशन भरविण्यात ज्याचा पुढाकार होता तो. बापाच्या पत्राने टोरोंटोत वादळ उठावे, आणि पन्नास वर्षांनी मुलाच्या खटपटीने मुंबईच्या पाठशाळेत सभा भरावी, हा योग आम्हा संस्कृताच्या जुन्या विद्यार्थ्यास तरी चटका लावून गेला.

वर्ष संपले. १८३५ च्या जानेवारीत नगरसभेची निवडणूक झाली आणि मॅकेन्झी पराभूत झाला. ‘कलोनियल ॲडव्होकेट’ त्याने आदल्या नोव्हेंबरातच बंद केले होते. १८३६ मध्ये विधानसभेतील जागाही गेली. त्याने ‘कॉन्स्टिट्यूशन’ नावाचे दुसरे पत्र काढले, आणि त्याची भाषा महिन्यागणिक तापत गेली. लेखणीने होत नाही ते बंदुकीने होईल, असे त्याच्या मनाने घेतले.

डिसेंबर १८३७ मध्ये यंग स्ट्रीटवरील माँटगोमेरीच्या खानावळीपाशी काही शेकडा शेतकरी जमले. कोणाजवळ बंदूक, कोणाजवळ भाला, पुष्कळांजवळ नुसती काठी. ५ तारखेच्या संध्याकाळी ते शहराकडे निघाले. वाटेत वीसएक सरकारी लोकांच्या पहाऱ्याने गोळ्या झाडल्या. बंडवाल्यांच्या पहिल्या रांगेने उलट बार टाकला आणि मागच्यांना वाव मिळावा म्हणून ती खाली वाकली. मागच्यांना वाटले, पुढचे सारे पडले. ते पळत सुटले. ७ तारखेला सरकारी फौज आली आणि अर्ध्या तासात सारे आटोपले. मॅकेन्झीच्या डोक्यावर १००० पौंडांचे बक्षीस लागले. तरी रानावनातून नायगारा नदीपर्यंत त्याला ज्यांनी ज्यांनी आसरा दिला, त्यांपैकी कोणीही त्याला धरून दिले नाही. तो अमेरिकेत निसटला.

सॅम्युएल लाउंट आणि पीटर मॅथ्यूज हे निसटले नाहीत. लाउंट हा लोहार. नव्याने वसाहतीस आलेल्या गरिबांना हातभार लावणारा, विधानसभेचा माजी सभासद, आणि स्वभावाने रक्तपाताचा वैरी. मॅथ्यूज हा शेतकरी. दोघांनाही फाशीची शिक्षा झाली. हजारो लोकांनी दयेच्या अर्जांवर सह्या केल्या. लाउंटच्या पत्नीने नव्या गव्हर्नरापुढे गुडघे टेकून पदर पसरला. गव्हर्नर विरघळला नाही. १२ एप्रिल १८३८ रोजी टोरोंटोच्या तुरुंगाच्या आवारात दोघांना फाशी दिले. हा गव्हर्नर म्हणजे सर जॉर्ज आर्थर. तोच पुढे १८४२ ते १८४६ मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होता, आणि कोल्हापूर व सावंतवाडीकडील गडकऱ्यांनी १८४४ साली बंड केले ते त्याच्याच अमदानीत. शाळेत गडकऱ्यांच्या बंडाचा धडा आम्ही कितीदा शिकविला असेल. त्या गव्हर्नराच्या दाराशी पूर्वी एक लोहाराची पत्नी रडून गेली होती, हे आम्हांस ठाऊक नव्हते.

मॅकेन्झी बारा वर्षे परागंदा राहिला. अमेरिकेतून पुन्हा स्वारी करण्याच्या खटपटीमुळे तेथील सरकारने त्याला रोचेस्टर येथे तुरुंगात घातले. सुमारे अकरा महिने तो आत होता. याच अवधीत त्याची वृद्ध आई वारली, आणि तिची अंत्ययात्रा त्याने तुरुंगाच्या खिडकीतून पाहिली, असे सांगतात. पुढे न्यूयॉर्कच्या जकात कचेरीत त्याला कारकुनी मिळाली. ज्या लोकसत्ताक देशाला तो आदर्श मानीत होता, तेथेही वशिला आणि लाच यांचे राज्य त्याने जवळून पाहिले. १८४९ मध्ये विलायतेच्या मंत्र्यास लिहिलेल्या पत्रात त्याने कबूल केले की, ही वर्षे आपण बंडाच्या आधी अमेरिकेत काढली असती, तर बंडात पडणारा आपण शेवटचाच मनुष्य ठरलो असतो. इकडे कॅनडात १८४८ साली लोकांना जबाबदार राज्यपद्धती मिळाली होती. ती मिळवून देणारे धिमे, कायद्याच्या वाटेने जाणारे लोक होते. मॅकेन्झीच्या बंडाने विलायतेचे डोळे उघडले, असे काही इतिहासकार म्हणतात. काही म्हणतात, त्याने सुधारणा मागेच पडली. हा वाद आम्ही सोडवू शकत नाही.

१८४९ साली माफी मिळाली आणि १८५० साली तो कुटुंबासह परतला. १८५१ मध्ये हाल्डिमंड येथून तो निवडून आला. हरविले कोणाला, तर ‘ग्लोब’ या बलाढ्य पत्राचा मालक जॉर्ज ब्राऊन याला. म्हातारपणीही त्याने आपले साप्ताहिक चालविले, कोणत्याही पक्षाचा पट्टा गळ्यात घेतला नाही, आणि १८५८ मध्ये जागा सोडली. मित्रांनी वर्गणी करून त्याला बाँड स्ट्रीटवरील ते घर घेऊन दिले. २८ ऑगस्ट १८६१ रोजी तो तेथेच वारला. त्याच्या धाकट्या मुलीचा मुलगा विल्यम लायन मॅकेन्झी किंग हा पुढे एकवीस वर्षांहून अधिक काळ कॅनडाचा पंतप्रधान होता.

चरित्र वाचून झाल्यावर आम्ही जावयांस म्हटले, याची समाधी पाहावी. डॉन नदीच्या खोऱ्याच्या काठावर ‘नेक्रोपोलिस’ नावाची जुनी दफनभूमी आहे. मोठमोठी झाडे, उतरती हिरवळ. मॅकेन्झीच्या समाधीवर क्रूस आहे. त्याचा प्रतिस्पर्धी ब्राऊन हाही त्याच भूमीत आहे. आणि थोड्या अंतरावर एक मोडका स्तंभ उभा आहे. तो मुद्दाम अर्धवट तुटलेला घडविला आहे. त्याच्या खाली लाउंट आणि मॅथ्यूज. फाशीनंतर त्यांना बेवारशांच्या जागेत पुरले होते. १८५९ साली तेथून काढून येथे आणले. मॅकेन्झी तेव्हा जिवंत होता. त्या दिवशी त्याला काय वाटले असेल, या विचाराने आम्ही त्या स्तंभापुढे पुष्कळ वेळ उभे राहिलो. कन्येला वाटले, बाबा दमले. आम्ही दमलो नव्हतो.

वाचकहो, आमचीही एक गोष्ट आहे, आणि ती सांगितल्यावाचून हा लेख पुरा होत नाही. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी आम्ही एका तालुक्याच्या गावी शाळेत नोकरीस होतो. गरीब मुलांच्या वह्यापुस्तकांसाठी देणगीदारांनी दिलेला निधी मुलांपर्यंत पोहोचत नव्हता. शाळेच्या कचेरीत एक तरुण कारकून होता. नुकतेच लग्न झालेला, नोकरी हंगामी. त्याने एका रात्री कंदिलाच्या उजेडात आम्हांस जमाखर्चाची वही दाखविली. आम्ही गावच्या साप्ताहिकात ‘एक पालक’ या नावाने तीन लेख लिहिले. गावात खळबळ झाली, चौकशी झाली, आणि मुलांना वह्यापुस्तके मिळाली. लेख कोणी लिहिले याचा पत्ता लागला नाही. वही कोणी दाखविली याचा मात्र लागला. त्याला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगण्यात आले.

आमची नोकरी कायम होती. चालकांकडे जाऊन, लेख आमचे आहेत, त्या पोराकडे बोट दाखवू नका, एवढे दोन शब्द बोललो असतो तर फार तर बदनामी झाली असती, बढती थांबली असती. आम्ही गेलो नाही. घरी आईचे दुखणे आहे, बहिणीचे लग्न व्हावयाचे आहे, अशी कारणे आम्ही मनाशी मांडली. ती सारी खरी होती. कारकुनाने आमचे नाव शेवटपर्यंत कोणास सांगितले नाही. तो गाव सोडून गेला, दुसरीकडे पिठाची गिरणी घातली, आणि काही वर्षांपूर्वी वारला. मधल्या काळात दोनदा त्याची आमची गाठ पडली. दोन्ही वेळा तो, “मास्तर, बरे आहात ना?” असे विचारून हसला, आणि आम्ही पावसापाण्याच्या गोष्टी केल्या.

टोरोंटोहून परतल्यावर आम्ही पत्ता शोधीत त्याच्या घरी गेलो. त्याची पत्नी आता वृद्ध झाली आहे. आम्ही ओसरीवर बसलो. आमच्या मंडळींना आम्ही मुद्दामच बरोबर नेले होते. एकटे गेलो असतो तर कदाचित पुन्हा पावसापाण्यावरच बोलून परतलो असतो. आम्ही सर्व सांगितले. ते तीन लेख आमचे, आणि आम्ही गप्प राहिलो म्हणून तुमच्या यजमानांची नोकरी गेली, असे शब्द उच्चारले. त्या बाई काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “ते मला त्या वर्षीच ठाऊक होतं, मास्तर. ह्यांनीच सांगितलं होतं. पण हे तुम्ही ह्यांच्यासमोर बोलला असतात तर बरं झालं असतं.” एवढे बोलून त्या चहा करावयास आत गेल्या.

आम्ही तो चहा प्यालो. परतीच्या वाटेवर आमच्या मंडळींनी एवढेच विचारले की, “आता झोप लागेल का?” आम्ही उत्तर दिले नाही.

मॅकेन्झी कर्जबाजारी मेला, असे त्याचे चरित्रकार लिहितात. ते कर्ज पैशाचे. त्याने लिहिले ते बहुतांशी खरे होते, आणि त्याने लिहिले नसते तर कोणी लिहिले असते, हेही आम्ही जाणतो. आमचे लेखही खरे होते; ते लिहिल्याचा पश्चात्ताप आम्हांस नाही. मुलांना वह्या मिळाल्या. परंतु ज्याच्या हाती लेखणी आहे त्याने लेख छापखान्यात धाडण्यापूर्वी आपल्यामागे कोण कोण उभे आहे ते एकदा वळून पाहावे, आणि शिक्षा त्यांच्यापर्यंत पोहोचण्याआधी आपले नाव सांगावे. आम्ही आता आमच्या सहीवाचून काही छापावयास देत नाही. हा लेखही आमच्या नावानिशीच धाडीत आहोत. हे शहाणपण चाळीस वर्षे उशिरा आले. ज्याला त्याचा उपयोग झाला असता, तो आज नाही.